बाल्कनीत ठेवायला छोटा बार्बेक्यू ग्रिल: कोळसा, गॅस की वीज?

सायली_स
नमस्कार मंडळी. बाल्कनीसाठी एक छोटा बार्बेक्यू ग्रिल घ्यायचा विचार चाललाय. घरात आम्ही चौघं, अधूनमधून पाहुणे. बाल्कनी साधारण तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. पुढची बाजू उघडी, डोक्यावर वरच्या बाल्कनीचा स्लॅब. मजला सातवा, वारा भरपूर. एका टोकाला कपडे वाळत घालायची दांडी, दुसऱ्या टोकाला कुंड्या.

दुकानात तीन प्रकार पाहिले: कोळशाचा गोल झाकणवाला, गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारा आणि विजेचा. विक्रेता म्हणाला, खरी चव कोळशाचीच. बहीण म्हणते, फ्लॅटमध्ये विजेशिवाय काही आणूच नकोस. भाज्या, कणसं, मासे आणि कोंबडी एवढं भाजता आलं की पुरे. शेजारच्यांच्या घरात धूर जाता कामा नये. ज्यांनी वापरलाय त्यांनी सविस्तर लिहा.

हेमंतराव
कोळसा. बाकी सगळे तवे.

निखिल७
हेमंतरावांना +१. पण सातव्या मजल्यावर? वाचतोय.

मधुरा_व
सायली, ग्रिलच्या आधी इमारतीचे नियम बघ. भाड्याचं घर असेल तर करार आणि घराचा विमा असेल तर त्याच्या अटीही वाच. बऱ्याच ठिकाणी कोळसा आणि गॅस दोन्ही बंद असतात, मग इथली अर्धी चर्चा तुझ्या उपयोगाचीच नाही.

सायली_स
मधुराताई, आत्ताच पाहिलं. नियमात 'बाल्कनीत उघडी ज्योत किंवा निखारे नकोत' असं आहे. विजेच्या उपकरणांचा उल्लेख नाही.

तपासनीस
इमारतींची अग्निसुरक्षा तपासणं हे माझं काम आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या इमारतीचा नियम जगावेगळा नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये, जळू शकेल अशा बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून सुमारे तीन मीटरच्या आत कोळशाचा किंवा उघड्या ज्योतीचा ग्रिल वापरायला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांची घरं आणि स्प्रिंकलर बसवलेल्या इमारती यांना त्यातून सूट आहे. तिथल्याच एनएफपीए १ या संहितेत मात्र प्रमाणित, टेबलावर ठेवायच्या विजेच्या ग्रिलला परवानगी आहे. भाजायची जागा २०० चौरस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १२९० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नको एवढीच अट. तुमच्याकडे कोणता कायदा लागू आहे ते तुम्ही बघाच. मी हे सांगितलं ते नियम करणाऱ्यांनी रेघ कुठे ओढलीय ते कळावं म्हणून.

ती रेघ तिथे का, तर सदनिकेची बाल्कनी म्हणजे अंगण नव्हे. आग लागली तर ती बाहेरच्या बाजूने वर चढते आणि वरच्या मजल्याच्या पडद्यांना गाठते. तपासणीत दिसणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच असतात: नायलॉनची जाळी, प्लॅस्टिकचं कृत्रिम गवत, वेताच्या खुर्चीवरच्या गाद्या, कोपऱ्यातले रद्दीचे खोके. एक ठिणगी वाऱ्याने तिथे गेली की पुढचं सांगायला नको. सायलीताई, ती कपड्यांची दांडी ग्रिल लावण्याआधी रिकामी करा, मग ग्रिल कुठलाही असो.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. जळता कोळसा हा वायू सतत सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही या बाबतीत खोलीच समजायची. 'पाऊस आला म्हणून विझत आलेले निखारे घरात घेतले' यातून माणसं झोपेतच दगावली आहेत. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं अजिबात नाही. उलट राखेने झाकलेला, शांत दिसणारा कोळसाच फसवतो.

हेमंतराव
तपासनीससाहेब, बंद बाल्कनीबद्दल एकदम मान्य. पण सायलीची बाल्कनी समोरून उघडी आहे, वारा भरपूर आहे, आणि जिथे नियम परवानगी देतात अशाही इमारती आहेतच. तिथल्या वाचकांसाठी लिहितो.

साधारण ३७ सेंटिमीटर व्यासाचा झाकणवाला ग्रिल चौघांना पुरतो. झाकण हवंच. झाकणाचं आणि बुडाचं हवेचं भोक कमीजास्त करून धग ताब्यात ठेवता येते, आणि चरबी पेटली की झाकण लावून भोकं बंद केली की ज्वाळा बसते. ही झाकणवाली गोल रचना १९५२ साली शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी केली. ते ज्या धातूच्या कारखान्यात काम करत तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे धातूचे गोळे बनायचे. त्यांनी तो गोळा अर्धा कापला, खाली पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. त्यांनाही त्रास वाऱ्याचाच होता, उघड्या ग्रिलवर वारा आणि राख यांनी वैताग आणला होता.

कोळसा पेटवायला पत्र्याचं उभं नळकांडं मिळतं, त्याला चिमणी म्हणतात. खाली कागद पेटवायचा, पंधरा-वीस मिनिटांत कोळसे वरून राखाडी होतात. पेटवायचं रसायन ओतू नका, त्याचा वास अन्नात उतरतो. रॉकेल-पेट्रोलचं तर नावही नको. कोळसे ग्रिलच्या एका बाजूला रचायचे, दुसरी बाजू मोकळी. कोंबडी आधी धगीवर रंगवायची, मग मोकळ्या बाजूला सरकवून झाकणाखाली आतपर्यंत शिजू द्यायची.

आणि चवीचं काय ते चवीचं. वीज ती देऊ शकत नाही.

जुई_परांजपे
आमच्या खालच्या मजल्यावर एक कोळसेवाले आहेत. मी एकदा धुराबद्दल बोलायला खाली गेले आणि भाजलेलं कणीस खात वर आले. तक्रार अजून बाकी आहे.

निखिल७
जुई, तुम्ही तक्रार करायला पुन्हा कधी जाताय? मीही येतो.

रसायनवेडा
हेमंतराव, तुमच्या चिमणीला आणि दोन बाजूंच्या रचनेला मनापासून दाद. चवीच्या मुद्द्यावर मात्र भांडणार.

भाजल्याची चव येते कुठून? मोठा वाटा पदार्थाच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या मायार अभिक्रियेचा. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने एकमेकांशी जुळतात आणि तो तपकिरी रंग, तो खमंग वास तयार होतो. लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये ती मांडली. तिला धग लागते आणि पृष्ठभाग कोरडा लागतो. खाली काय जळतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

उरलेला वाटा धुराचा. पण लाकडाचा कोळसा होतो तेव्हाच त्यातले वास देणारे बहुतेक घटक उडून गेलेले असतात. म्हणूनच चांगल्या, पूर्ण पेटलेल्या कोळशाला धूर जवळपास नसतो. आपण ज्याला 'कोळशाची चव' म्हणतो ती मुख्यतः निखाऱ्यांवर पडून जळणाऱ्या चरबीची आणि रसाची. चरबी विजेच्या तापलेल्या कॉइलवर किंवा गॅसच्या बर्नरवरच्या पत्र्यावर पडली तरी तिची वाफ तशीच वर येते. याच धुरात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन हे घातक पदार्थही असतात, तेव्हा तो बेताने असलेलाच बरा.

सायलीला भाज्या, कणसं, मासे भाजायचेत. ढोबळी मिरचीतून किती चरबी ठिबकणार? तिच्या यादीत कोळशाचा फायदा सर्वात कमी आहे.

हेमंतराव
यादीचा मुद्दा पटला. तरी कोळशाची धग वेगळी असते हो. निखाऱ्यांकडून थेट किरणांनी उष्णता येते, पृष्ठभाग पटकन कोरडा पडतो. मी पाहिलेले विजेचे ग्रिल गार वाऱ्यात नुसते कोमट होतात आणि कोंबडी स्वतःच्या पाण्यात उकडते. ही चव तुमच्या मायारसाहेबांना तरी चालेल का?

ओंकार_विद्युत
हेमंतराव म्हणतात तो अनुभव खरा आहे, पण तो हलक्या ग्रिलचा आहे. मी बरेच दिवस विजेचाच वापरतोय. घेताना काय बघावं ते लिहितो.

वॅट आधी बघा. बाहेर, वाऱ्यात भाजायचं तर २००० वॅटच्या आसपास हवेत. १२००-१३०० वॅटचे ग्रिल घरात ठीक, बाल्कनीत दमतात. अर्थात हे जिथे घरगुती वीज २३० व्होल्टची आहे तिथलं. २००० वॅटला तिथे ८.७ अँपिअर लागतात. जिथे १२० व्होल्ट आहे तिथे १५०० वॅटलाच १२.५ अँपिअर होतात, त्यामुळे तिथे यापेक्षा मोठे ग्रिल फारसे मिळत नाहीत. तिथे झाकणावर आणि वारा अडवण्यावरच भर द्यावा लागतो.

मग झाकण. हेमंतरावांनी कोळशासाठी जे कारण दिलं तेच इथेही लागू आहे. झाकण नसलेल्या ग्रिलची अर्धी उष्णता सातव्या मजल्यावरचा वारा घेऊन जातो. आतून चकचकीत, खोल झाकण असलेला घ्या आणि रिकामा असतानाच झाकून दहा-पंधरा मिनिटं तापवा. बहुतेक लोक दिवा विझला की लगेच पदार्थ टाकतात. दिवा कॉइलचं तापमान सांगतो. जाळी त्यानंतरही तापत असते.

जाळी जड हवी. ओतीव लोखंडाची जाळी उष्णता धरून ठेवते, थंड मासा ठेवला तरी गार पडत नाही. पातळ तारेची जाळी लगेच हार मानते. ओतीव लोखंडाला गंज चढतो, म्हणून धुतल्यावर कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा.

धुरासाठी: कॉइलखाली पाण्याचा ट्रे असलेले ग्रिल मिळतात. ठिबकणारी चरबी पाण्यात पडते, जळत नाही. सायली, शेजाऱ्यांची काळजी असेल तर हाच प्रकार. मात्र पाणी आटतंय का ते मधून मधून बघायचं.

आणि कृपया, कृपया, स्वस्तातली पातळ एक्स्टेंशन वायर नको. ग्रिलचा प्लग थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटमध्ये जावा. एक्स्टेंशन लागणारच असेल तर जाड तारेची, बाहेर वापरायला योग्य अशी घ्या. गुंडाळीची असेल तर पूर्ण सोडा. गुंडाळलेली तार स्वतःच तापते आणि आवरण वितळतं. त्या सर्किटवर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीडी आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. ओल्या बाल्कनीत तो जीव वाचवतो.

तपासनीस
ओंकार यांच्या शेवटच्या परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. त्यात एक भर: तार दाराच्या फटीत चेंगरून नेऊ नका.

समीर_गॅस
मधल्या भावाला कोणी विचारतच नाही! माझ्याकडे छोटा गॅसचा आहे. आमच्या इमारतीत लेखी परवानगी आहे. नियम अडवत नसेल तर गॅस सोयीचा: पाच-दहा मिनिटांत तापतो, धग बोटावर कमीजास्त होते, राख नाही.

पण डब्यात काय भरलंय ते वाचा. ब्युटेन उणे अर्धा अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे कडाक्याच्या थंडीत निव्वळ ब्युटेनचा डबा भरलेला असूनही ज्योत मरते, कारण आतलं द्रव वायू व्हायलाच तयार नसतं. थंड ठिकाणी राहणाऱ्यांनी प्रोपेन किंवा मिश्रण घ्यावं.

दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर वर उडून जात नाहीत, जमिनीलगत साचतात, बाल्कनीच्या मोरीत उतरतात, दाराच्या उंबऱ्यावरून घरात येतात. म्हणून डबा बदलला की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडे आले की बंद. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

तपासनीस
समीर, चांगलं लिहिलंत. टेबलावरच्या छोट्या शेगड्यांबद्दल एक धोका सांगतो. त्यात डबा शेगडीच्या आतच, बर्नरच्या शेजारी असतो. लोक त्यावर शेगडीपेक्षा मोठी भाजायची प्लेट ठेवतात. प्लेट डब्यावर येते, उष्णता परतून खाली जाते, डब्यातला दाब वाढतो आणि डबा फुटतो. शेगडीसोबत आलेलीच प्लेट वापरा. जास्तीचे डबे उन्हात किंवा ग्रिलखाली ठेवू नका.

मैनाताई
इथे कोणाकडे पक्षी आहेत का? माझा पिंजरा बाल्कनीलगतच्या खोलीत असतो. नॉनस्टिक ग्रिल प्लेट पक्ष्यांना वाईट असं ऐकलंय.

रसायनवेडा
मैनाताई, ऐकलंत ते खरं आहे, मनावर घ्या. नॉनस्टिकचा थर पीटीएफई या पदार्थाचा असतो. साधारण २६० अंशांच्या पुढे तो विघटित व्हायला लागतो आणि त्याची वाफ पक्ष्यांच्या फुप्फुसांना फार लवकर मारक ठरते. ग्रिल रिकामा तापवला तर तापमान तिथवर सहज जाऊ शकतं, आणि ओंकार यांनी सांगितलेली दहा-पंधरा मिनिटं तर रिकामीच आहेत. तुमच्यासाठी ओतीव लोखंड किंवा स्टेनलेस स्टीलच. भाजताना पिंजरा आतल्या खोलीत, मधलं दार बंद. साधा धूरही त्यांना सोसत नाही.

मैनाताई
खूप आभार. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं.

जुई_परांजपे
अवांतर: कोणता पक्षी?

मैनाताई
पोपट. नाव ठेवलंय गवई. पहाटे पाचला रियाज.

निखिल७
म्हणजे शेजाऱ्यांना धुरापेक्षा मोठा प्रश्न आधीच आहे :)

आभा_के
पंखा लावलेला कोळशाचा ग्रिल पाहिला. मधल्या छोट्या भांड्यात कोळसा, खाली बॅटरीवरचा पंखा, बाहेरून हात लावता येईल इतका गार. धूर कमी, म्हणून 'बाल्कनीसाठी उत्तम' असं खोक्यावर लिहिलंय. हा कसा?

हेमंतराव
वापरलाय. चांगला आहे. कोळशाच्या भांड्यावर झाकण येत असल्याने चरबी निखाऱ्यांवर पडत नाही, म्हणून धूर कमी. कोळसाही कमी लागतो. पण वरचा रसायनवेडा यांचा हिशेब लावला तर चरबी जळत नाही म्हणजे ती चवही बरीच जाते. मग कोळसा कशाला, असा प्रश्न मलाच पडला. जपानी शिचिरिन मला जास्त आवडतो: डायटोमाइट मातीचा, हलका, धग आत धरून ठेवणारा, दोघांपुरता.

तपासनीस
आभाताई, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो कोळशाचाच ग्रिल. धूर कमी झाला, कार्बन मोनॉक्साइड आहेच. निखारे आहेत, म्हणजे सायलीताईंच्या नियमातही तो बसत नाही. राखेबद्दलही सांगून ठेवतो: वरून गार दिसणारी राख आत दुसऱ्या दिवशीही धगधगती असू शकते. धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत किंवा कुंडीत कधीही नाही.

वैद्य_अनुजा
साफसफाईचा विषय कोणी काढला नाही. तारेचा ब्रश वापरू नका. त्याची एखादी तार तुटून जाळीला चिकटते, तिथून अन्नात आणि मग घशात किंवा आतड्यात रुतते. क्ष-किरण काढून, कधी शस्त्रक्रिया करून ती काढावी लागते. जाळी कोमट असताना लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा पुरतो.

आणि कोंबडी रंगावरून ओळखू नका, बाहेरून काळी आणि आतून कच्ची हा ग्रिलचा नेहमीचा घोळ. टोचायचा थर्मामीटर घ्या. सर्वात जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस. माशाला ६३. कच्च्या मांसाचा चिमटा शिजलेल्याला लावायचा नाही.

सायली_स
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कळल्यावर माझ्यासाठी विजेचाच. झाकणवाला, पाण्याचा ट्रे, ओतीव लोखंडाची जाळी, २००० वॅट. आकार ४० बाय ३० सेंटिमीटर पाहतेय, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. पाहुणे आले तर दोन फेऱ्या. कपड्यांची दांडी आत जातेय.

दोन शंका उरल्या. मासा जाळीला चिकटतो त्याचं काय करायचं? आणि ग्रिल ठेवू कुठे? कठड्याला काच आहे.

ओंकार_विद्युत
आकार योग्य. काचेला चिकटवून ठेवू नका, मध्ये हातभर तरी अंतर असू द्या. एका जागी तापलेली काच तडकू शकते. पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचं टेबल नको, धातूचं किंवा दगडी फरशीचं, न डगमगणारं घ्या. कठड्यावर अडकवायचे स्टँड मिळतात, पण सातव्या मजल्यावर खालून माणसं जातात, तेव्हा नकोच. वारा ज्या बाजूने येतो तिकडे झाकणाची पाठ करा. आणि घराचं सरकदार बंद ठेवा, नाहीतर पडद्यांना आठवडाभर वास.

हेमंतराव
माशाचं मी सांगतो. मासा कागदाने टिपून अगदी कोरडा करा. तेल माशाला लावा, जाळीला नको, तिथे ते जळून चिकट होतं. जाळी कडक तापू द्या. एकदा ठेवला की हात लावायचा नाही. खालची बाजू भाजली की तो आपण होऊन सुटतो. ओढावा लागतोय म्हणजे अजून झाला नाही. पहिल्यांदा साल असलेला घट्ट मासा घ्या, साल खाली. मसाल्यात साखर किंवा मध असेल तर तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावा.

निखिल७
हेमंतराव विजेच्या ग्रिलसाठी सल्ले देतायत. धागा वाचनखुणांत टाकतोय.

हेमंतराव
मासा चांगला भाजला गेला पाहिजे, बस.

आभा_के
आणि कणसं? साल काढून की सालीसकट?

जुई_परांजपे
याची तज्ज्ञ मी! खालच्या कोळसेवाल्यांची पद्धत: आधी सालीसकट, झाकणाखाली, दाणे वाफेवर मऊ होईपर्यंत. मग साल मागे ओढून तिचाच दांडा करायचा आणि दाणे थेट जाळीवर, फिरवत फिरवत, डाग पडेपर्यंत. विजेच्या ग्रिलवर सालीचे धागे कॉइलला लागू देऊ नका, जळतात. आधी कात्रीने टोकं छाटून घ्या.